बेळगावात आईच्या पायाचं डॉपलर केलं, त्याचा अनुभव

आईचा डावा पाय पंधरा दिवस सुजत होता, संध्याकाळ झाली की पोटरी दगडासारखी. खानापूरच्या डॉक्टरांनी बघून चिठ्ठी दिली, दोन्ही पायांचं व्हीनस डॉपलर (शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी) करून आणा, शिरेत रक्ताची गाठ आहे काय बघूया. गाठ म्हटल्यावर आईनं रात्रभर डोळा लावला नाही.

बेळगावातल्या एका स्कॅन सेंटरला गेलो, नाव लिहीत नाही कारण एक तक्रार आहे. फोनवर सांगितलं उपाशी या. आई शुगरची पेशंट, सकाळी सातला निघालो, नंबर आला साडेअकराला, तोवर तिचे हात थरथरायला लागले. आत डॉक्टरच म्हणाले, पायाच्या डॉपलरला उपाशी कुणी यायला सांगितलं, आधी खाऊन या. पोटातल्या नाहीतर किडनीच्या शिरा बघायच्या असल्या तर उपाशी लागतं, गॅसमुळं नीट दिसत नाही म्हणून. फोन घेणाऱ्याला एवढं माहीत पाहिजे की नको? खाली जाऊन इडली खायला घातली, मग परत वर.

बाकी तपासणी मात्र एक नंबर. जांघेपर्यंत पाय मोकळा करावा लागतो, आईला लाज वाटत होती पण तिथल्या अक्कांनी गाऊन दिला, वर चादर घातली आणि शेवटपर्यंत जवळ उभ्या राहिल्या. त्या कन्नडच बोलत होत्या, "नोव ऐतेनरी?" विचारलं की आई बोटानं दाखवायची इथं दुखतंय म्हणून, तेवढं कन्नड तिला येतं. थंडगार जेल लावून डॉक्टर जांघेपासून खाली थोड्या थोड्या अंतरावर मशीन दाबत येतात, चांगली शीर दाबली की चपटी होते, आत रक्त गोठलेलं असलं तर होत नाही, बघायचं मुख्य तेच. सुजलेल्या पोटरीवर दाबतात तेव्हा दुखतं, बाकी सुई नाही, रेडिएशन नाही. स्क्रीनवर लाल-निळं दिसतं, मला वाटलं लाल म्हणजे चांगलं रक्त, तर तसं नाही, रक्त मशीनकडं येतंय का लांब जातंय एवढंच त्या रंगावरनं कळतं.

नंतर आईला उभं केलं, भार उजव्या पायावर, डावी पोटरी दाबून सोडायची आणि रक्त उलटं खाली येतंय काय बघायचं. शिरेतली झडप चांगली असली तर लगेच मिटते, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटं वाहिलं तर झडप ढिली. वयस्कर माणसाला असं उभं राहणं जड जातं, धरायला घरचं कुणीतरी न्याच. दोन्ही पायांना मिळून पाऊण तास लागला.

तासाभरात रिपोर्ट मिळाला, गाठ नाही, डाव्या पायाच्या वरच्या मोठ्या शिरेची झडप ढिली आहे. डॉक्टरांनी मराठीत, स्क्रीनवर बोट ठेवून आईला समजेपर्यंत सांगितलं, त्यासाठी त्यांचे खरंच आभार. ते म्हणाले पाय एकदम सुजला आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर डॉपलरच्या नंबरची वाट बघत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. पंधरा दिवस आम्ही घरी तेल चोळत बसलो होतो, हे ऐकून पोटात गोळाच आला.

सहा महिन्यांनी परत बोलावलंय. तिथंच जाणार, आईला घरातनं पोटभर खायला घालून.