पद्मिनीत बसवलेले तीन जादा मीटर : नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा पाहिल्यानंतरचा अनुभव

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीत ऑइल प्रेशर आणि चार्जिंग या दोन्ही गोष्टींसाठी केवळ लाल दिवे आहेत, आणि लाल दिवा लागतो तो बिघाड होऊन गेल्यावर. माझ्या गाडीत तर तापमानाचा मूळ काटाही मी ती घेण्यापूर्वीच निकामी झालेला होता. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 अंशांच्या वर जाणाऱ्या नागपुरात 1089 सीसीचे हे जुने इंजिन निव्वळ अंदाजावर चालवणे मला धाडसाचे वाटत होते. म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी पाण्याचे तापमान, ऑइल प्रेशर आणि बॅटरीचा व्होल्टेज दाखवणारे 52 मिलिमीटर व्यासाचे तीन मीटर मी बसवून घेतले. मीटर, सेंडर (इंजिनात बसून मीटरला माप पाठवणारा भाग), वायरिंग, पट्टी आणि मजुरी धरून खर्च साडेसहा हजारांच्या आसपास आला.

डॅशबोर्डाच्या पत्र्याला भोक पाडायचे नाही, हे आधीच ठरवले होते. ही गाडी आता कारखान्यातून पुन्हा निघणार नाही आणि कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. त्यामुळे डॅशबोर्डाखाली, आधीपासून असलेल्या स्क्रूंच्याच आधाराने, काळ्या रंगाची एक लोखंडी पट्टी बसवली आणि तिन्ही मीटर तीत चालकाच्या बाजूला किंचित वळवून घेतले. हे वळवणे महत्त्वाचे आहे, कारण तिरपे पाहिले की काटा आणि आकडा यांचा मेळ चुकतो आणि पाच अंशांचा फरक सहज पडतो. माझ्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. गिअर टाकताना हात किंवा गुडघा पट्टीला लागत नाही ना, हे मिस्त्रीसमोर सीटवर बसून पाहून घेतल्याशिवाय पट्टीत भोके मारू देऊ नयेत.

तापमानाचा मीटर मी मुद्दाम मेकॅनिकल घेतला. यात इंजिनात बसणारा फुगा आणि मीटर यांना जोडणारी एक बारीक तांब्याची नळी असते; फुग्यातला द्रव तापला की नळीतला दाब वाढतो आणि काटा सरकतो. याला ना विजेची गरज, ना अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगातून विजेला परतीची वाट देणाऱ्या जोडणीची. मात्र ही नळी कापता किंवा जोडता येत नाही, म्हणून जास्तीची लांबी बॉनेटखाली एक सैल वेटोळे करून ठेवावी लागते, म्हणजे इंजिनाच्या थरथरीने ती तुटत नाही. पत्र्यातून ती आत येते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, हवाच. मूळ सेंडरच्या जागेचे आटे नव्या फुग्याशी जुळत नव्हते, तेव्हा लेथवर पितळी अडॅप्टर करून घेतला. बाजारात रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये बसणारे तयार अडॅप्टरही मिळतात, पण ती जागा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) पुढे येते आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा खरे तापमान सांगत नाही.

या मीटरने मला माझ्या गाडीचा स्वभाव शिकवला. हिवाळ्यात वर्धा रोडवर काटा 80 च्या जवळपास स्थिर राहतो. मेमध्ये दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी उभी राहिली, की तो 95 च्या पुढे सरकू लागतो, कारण पंखा पट्ट्यावर चालतो आणि आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना, तो पुरेशी हवा ओढत नाही. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की काही मिनिटांत काटा खाली येतो. हा चढउतार ठाऊक झाल्यापासून सिग्नलवर उगाच धास्ती वाटत नाही. उलट, रस्ता मोकळा असतानाही काटा उतरला नाही, तर मी गाडी बाजूला घेतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : पाणी इतके कमी झाले की फुगा कोरडा पडला, तर इंजिन तापत असतानाही काटा खाली येऊ शकतो. अचानक थंड झालेला काटा ही आनंदाची बातमी नव्हे.

ऑइल प्रेशरचा मीटर मात्र मी इलेक्ट्रिकल घेतला. मेकॅनिकल प्रकारात इंजिनातले गरम तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डामागे येते, आणि ती नळी गळाली तर ते तेल चालकाच्या पायांवर सांडते. मूळ लाल दिव्याचा स्विच काढून टाकला नाही. टी-जोड लावून स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवले. सेंडर आणि मीटर एकाच जातीचे घ्यावेत, कारण त्यांच्या रोधाची मर्यादा वेगळी असली, तर काटा चुकीचे किंवा चक्क उलटे दाखवतो. माझ्याकडे 20डब्ल्यू-50 तेलावर थंड इंजिन सुरू करताना काटा दर चौरस इंचाला 60 पौंडांपर्यंत जातो, चालत्या गाडीत 45 च्या आसपास राहतो आणि कडक उन्हात आयडलिंगला 15 ते 18 वर उतरतो. तेल तापून पातळ झाले की असे होणारच, पण ज्यांना प्रत्येक आकड्याची काळजी लागते, त्यांनी हा मीटर न घेतलेला बरा.

याच काट्यात हिवाळ्यात एक गमतीचा दोष दिसला. रात्री हेडलाइट लावले की ऑइल प्रेशर काही पौंडांनी बदललेले दिसे, आणि दिवे मालवले की पूर्ववत होई. दिव्यांचा तेलाशी काय संबंध? संबंध अर्थिंगचा निघाला. सेंडरला इंजिनाच्या अंगाचे अर्थ मिळते, मीटरला बॉडीचे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी गंजून अर्धी झाली होती. ती बदलताच काटा ठिकाणावर आला, आणि सकाळी स्टार्टरही अधिक जोमाने फिरू लागला. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळला, तरी अर्थिंगची अशीच तक्रार उद्भवते.

तिसरा मीटर निवडताना काही जुने इलेक्ट्रिशियन अँपिअर मीटरच घ्या, असे सांगत होते. मला ते पटले नाही. अँपिअर मीटरमधून स्टार्टर वगळता गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह जातो, म्हणजे जाड आणि सतत जिवंत असलेली वायर डॅशबोर्डात आणावी लागते. तिचे टोक सैल झाले, तर आग लागू शकते. व्होल्टमीटरला इग्निशन स्विचमागून फ्यूज लावलेली एक बारीक वायर पुरते. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने डायनमोच्या जागी अल्टरनेटर लावलेला आहे, त्यामुळे काटा चालत्या गाडीत 14 च्या आसपास असतो.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त असलेल्या व्होल्टमीटरनेच मला एकदा वाचवले. रामटेकहून परतताना मनसरच्या पुढे काटा 14 वरून 12.5 च्या खाली येऊन लटपटू लागला. या गाडीत पाण्याचा पंप, पंखा आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात, हे ठाऊक असल्याने मी तापमानाकडे पाहिले, तर तेही हळूहळू चढत होते. लाल दिवा तोवर लागलेला नव्हता. बॉनेट उघडले, तेव्हा पट्टा सैल होऊन घसरत होता आणि त्याच्या कडेचे धागे सुटलेले होते. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून पट्टा ताणला आणि वेग कमी ठेवून नागपूर गाठले.

तक्रारी दोनच आहेत. पावसाळ्यात तापमानाच्या मीटरच्या काचेला आतून वाफ धरते आणि ऊन पडेपर्यंत जात नाही. तसेच आतले बल्ब मूळ पॅनेलपेक्षा प्रखर असल्याने रात्री मोकळ्या रस्त्यावर डोळ्यांना टोचतात. पॅनेलच्याच वायरवरून त्यांना जोड दिलेला आहे, तेव्हा आता कमी वॅटचे बल्ब शोधतो आहे. डायनमो असलेल्या गाडीत व्होल्टमीटर बसवणाऱ्यांनी आयडलिंगला काटा 12 च्या आसपास घुटमळला, तर लगेच अल्टरनेटर लावायला निघू नये; डायनमो मंद वेगात कमीच वीज देतो. इंजिन थोडे रेस करून तो 13 च्या वर जातो का, ते आधी पाहावे.