सोनोग्राफी की फायब्रोस्कॅन? लिव्हरसाठी नक्की काय करायचं

आपल्या नाशकात सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधे वार्षिक चेकअप झालं की निम्म्या लोकांच्या हातात "ग्रेड १ फॅटी लिव्हर" लिहिलेला सोनोग्राफी रिपोर्ट येतो आणि मग घरात एकच चर्चा, आता फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करायचा का.

सोनोग्राफी स्वस्त, कुठेही होते, आणि पित्ताशयातले खडे, गाठ, पोटातलं पाणी हे सगळं तीच दाखवते, फायब्रोस्कॅनमधे यातलं काहीच दिसत नाही कारण तिथे चित्र नसतंच, फक्त आकडे. पण चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत सुटून जाते, आणि ग्रेड म्हणजे चरबीचा अंदाज, लिव्हर किती कडक झालंय ते त्यावरून कळत नाही. खरी काळजी त्या कडकपणाचीच करायला हवी!

फायब्रोस्कॅनमधे उजव्या बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवतात, टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो, असे निदान १० वेळा. कडकपणा किलोपास्कलमधे येतो, ८ च्या खाली असेल तर सहसा जास्त फायब्रोसिस (लिव्हरमधे व्रण पडून ते कडक होणं) नाही असं धरतात. मात्र ३ तास उपाशी जा, मिसळ खाऊन गेलात तर आकडा उगाच वाढतो, कावीळ चालू असेल तरी वाढतो.

माझं मत, आधी सोनोग्राफीच. शुगर, जास्त वजन किंवा दारू असेल तर डॉक्टरांना फिब-४, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, काढायला सांगा, वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट एवढ्यावर निघतो, तो जास्त आला की मग फायब्रोस्कॅन टाळू नका.