डिसेंडंट्सचा ‘हायपरकॅफियम स्पॅझिनेट’: पावसाळ्यापासून ऐकतोय, आता लिहितो

डिसेंडंट्स हा अमेरिकन पंक बँड, म्हणजे वेगवान, आरडाओरड्याचं रॉक वाजवणारा. ‘हायपरकॅफियम स्पॅझिनेट’ हा त्यांचा अल्बम. नावाला घाबरू नका, असं कुठलंही रसायन नाही. गायक मायलो ऑकरमन हा जीवशास्त्रातला खराखुरा पीएचडी. कित्येक वर्षं ड्यूपाँट या रसायन कंपनीत वनस्पतींवर संशोधन करायचा आणि रजा टाकून पंक गायचा. त्यात या बँडला कॉफीचं जुनं वेड. दोन्ही एकत्र घोटून हे नाव तयार झालंय. 2016 साली मायलोची नोकरी संपली आणि त्याच वर्षी एपिटाफ या रेकॉर्ड कंपनीकडून हा अल्बम आला. त्याआधीचा होता 2004 चा, म्हणजे मध्ये तब्बल बारा वर्षं गेली.

एवढ्या गॅपनंतर आलेले अल्बम मी जरा धास्तीनेच लावतो. पन्नाशीची माणसं एकतर विशीतली असल्याचा आव आणतात, नाहीतर अकूस्टिक गिटार घेऊन गळा काढतात. इथे दोन्ही नाही. वेग जुनाच आहे, गाणी अजूनही दीड-दोन मिनिटांत आटोपतात, पण गाण्यांतली चिंता बदललीय. इतके महिने अल्बम फोनमधून हलला नाही तो यामुळेच.

‘नो फॅट बर्गर’ घ्या. याच बँडने 1981 मध्ये ‘वीनरश्निट्झेल’ नावाचं 11 सेकंदांचं गाणं केलं होतं. त्यात काय, तर फास्ट फूडच्या खिडकीवर ऑर्डर द्यायची, बस्स! पस्तीस वर्षांनी तीच माणसं ओरडतायत की डॉक्टरांनी सगळं बंद केलं. आरडाओरडा तेवढाच, पण तक्रार आता कोलेस्टेरॉलची. ज्याच्या रिपोर्टवर लाल अक्षरं उमटलीत आणि वडापाव सुटलाय, त्याला हे गाणं कळायला इंग्रजी फार यावं लागत नाही.

‘लिमिटर’ मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मुलाला एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळ्या द्यायच्या की नाही, या पेचात सापडलेल्या बापाचं गाणं आहे. पोर शांत होईल, पण मग ते आपलंच पोर राहील का? उत्तर कुठेच दिलेलं नाही, आणि ते बरंच झालं. सुरुवातीला हे गाणं मी नुसत्या गिटारसाठी ऐकायचो. आता घरात शाळेतून चिठ्ठी आलेली असली, तर पुढे ढकलतो.

वाजवण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खरी मजा तिथे आहे. ड्रमर बिल स्टीव्हन्सन हा बँडचा कणा, एकेकाळी ब्लॅक फ्लॅग या दुसऱ्या पंक बँडमध्येही होता. 2010 मध्ये त्याच्या मेंदूतली भलीमोठी गाठ काढली. त्यानंतरचा बँडचा हा पहिला अल्बम, हे माहीत असूनही ‘कमबॅक किड’मधला त्याचा हात ऐकताना खरं वाटत नाही. कार्ल अल्वारेझचा बेस (खालच्या सुरांची गिटार) तर मागे राहून नुसता ठेका धरतच नाही, स्वतःची चाल गात सुटतो. हेडफोनवर ‘विदाऊट लव्ह’ लावा आणि फक्त बेसच्या मागे जा. गंमत म्हणजे हे चौघं एका खोलीत बसलेच नाहीत. ड्रम आणि बेस कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, स्टीव्हन्सनच्या ब्लास्टिंग रूम स्टुडिओत. स्टीफन एगर्टनची गिटार ओक्लाहोमातल्या टल्सामध्ये. मायलोचा आवाज डेलावेअरमध्ये. सांधा कुठेही दिसत नाही. 1986 पासून हेच चौघं एकत्र वाजवतायत, हे त्याचं कारण असावं.

आता कुरबुरी. सोळा गाणी जास्त होतात. अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास संपतो हे खरं, पण दोन-तीन तुकडे नसते तरी काही अडलं नसतं. ‘टेस्टोस्टेरॉन’मधला विनोद लवकर शिळा होतो, मी तर हल्ली ते उडवूनच पुढे जातो. आणि आवाज! सगळं इतकं घासूनपुसून लखलखीत केलंय आणि एवढ्या चढ्या पातळीवर ठेवलंय, की स्वस्तातल्या इअरबड्सवर शेवटापर्यंत कान दुखायला लागतात. घरच्या जुन्या स्पीकरवर, आवाज निम्म्यावर ठेवून, हाच अल्बम कितीतरी मोकळा वाटतो. 1982 च्या ‘मायलो गोज टू कॉलेज’चा खरबरीत, कच्चा आवाज ज्यांना जीव की प्राण आहे, त्यांना हा गुळगुळीतपणा खटकणारच.

‘फुल सर्कल’ आणि शेवटचं ‘बियाँड द म्युझिक’ ही दोन्ही बँडने स्वतःबद्दलच लिहिलेली गाणी. असल्या आठवणींच्या गाण्यांचा मला कंटाळा आहे. पहिलं चालीच्या जोरावर तगलं, दुसरं मला थोडं गोडच लागतं. ‘स्माइल’ मात्र महिन्यागणिक आवडत गेलं. खचलेल्या मित्राला धीर द्यायचा, तोही उपदेश न करता, हे या वेगात साधणं सोपं नाही.

डिसेंडंट्स कधीच ऐकले नसतील तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त त्याआधी 1985 च्या अल्बमचं नाव वाचून घ्या: ‘आय डोन्ट वॉन्ट टू ग्रो अप’. मग ‘नो फॅट बर्गर’ लावा. ज्यांना सहा-सात मिनिटांची सोलो वाजवणारी गिटार लागते, त्यांनी पैसे वाचवावेत.