पावतीवरचा नंबर खरा होता, आमचा नव्हता

अमेरिकेच्या व्हिसावर दहा वर्षांची तारीख असते, आणि फसवणाऱ्याचं निम्मं काम ती तारीखच करते. मुलाबाळांकडे जाणारे आपले लोक पासपोर्टातला स्टिकर दाखवून सांगतात, "दहा वर्षांचा मिळाला!" दहा वर्षं मिळते ती दारापर्यंत जायची मुभा. आत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, पर्यटकाच्या बी-२ व्हिसावर बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. पूर्वी त्याची कागदी चिठ्ठी पासपोर्टात लावून द्यायचे. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून ती नोंद ऑनलाइन असते आणि सीबीपी म्हणजे सीमेवर आणि विमानतळावर तपासणी करणाऱ्या खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून कोणालाही फुकट पाहता येते.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. जावयाने पहिल्याच आठवड्यात आय-९४ ची प्रत काढून फ्रीजवर लावली होती. तरीही आमचे जवळजवळ तीन लाख रुपये गेले आणि दोघांचे व्हिसे रद्दबातल झाले. "माहिती नसली की लोक फसतात" असं कोणी म्हणालं की म्हणूनच मला राग येतो. मी सातारा जिल्ह्यात पंचायत समितीच्या कार्यालयात आवक-जावक टेबलावर नोकरी केलेली बाई आहे. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. इथेही पोच मागितली. त्याने ती दिलीही, आणि फसवणूक झाली ती तिच्याच जोरावर.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं न्यू जर्सीत लेकीकडे गेलो. बाळ सातव्या महिन्यातच आलं. ते बरेच दिवस काचेच्या पेटीत, लेकीची जखम चिघळलेली, जावयाची रजा संपलेली. आमची मुदत नोव्हेंबरात संपत होती आणि तेव्हा निघून येणं कोणालाच पटत नव्हतं. निदान थंडी सरेपर्यंत राहावं असं ठरलं.

मुदत वाढवून घ्यायला कायदेशीर सोय आहे. आय-५३९ नावाचा अर्ज, यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याकडे. मुदत संपायच्या आधी करायचा, शक्यतो ४५ दिवस आधी असं ते खातंच सांगतं. राहण्याचं कारण, तेवढे दिवस खर्च कोण करणार त्याचा पुरावा, परत जाणार याचा पुरावा, इतकंच लागतं. जावई म्हणत होता की आपण घरीच भरू. पण तेव्हा त्या पोराची अवस्था अशी होती की रात्री दोन वाजता दूध गरम करता करता तो उभ्या उभ्या झोपायचा. "कोणाकडून तरी करून घेऊ," असं लेकच म्हणाली.

एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं किती आहेत हे तिकडे जाऊन आलेल्यांना सांगायला नको. साड्या, सोनं, किराणा, मिठाई. तिथेच किराणा दुकानात ओळख झालेल्या एका बाईंनी एक नंबर दिला. वरच्या मजल्यावर छोटं ऑफिस, बाहेर इमिग्रेशन सर्व्हिसेस अशी पाटी. माणूस मराठी, सांगलीकडचा म्हणाला. नाव लिहीत नाही, कारण नाव बदलायला त्याला पाच मिनिटं पुरतील. त्याची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, तो घाबरवत नव्हता. धीर द्यायचा. "काकू, तुम्ही बाळाकडे बघा, कागदाचं माझ्याकडे सोडा." काका कुठे नोकरीला होते, पेन्शन किती, गावाकडे घर आहे का, सगळं लिहून घेतलं. दुसरी गोष्ट, खोटं बोलायच्या आधी तो चार खऱ्या गोष्टी सांगायचा. कॅनडाला जाऊन परत आलं की नवे सहा महिने मिळतात का, असं यांनी विचारलं, कारण ते व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेतरी आलं होतं. तो लगेच म्हणाला, "अजिबात नाही काका, त्या फंदात पडू नका. कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, आणि परत येताना नवी तारीख द्यायची की नाही ते अधिकाऱ्याच्या हातात." हे अगदी बरोबर आहे. एवढा सरळ बोलणारा माणूस म्हटल्यावर यांचा विश्वास बसला.

मग हिशेब. दोन अर्जांची फी प्रत्येकी ४७० डॉलर. बोटांच्या ठशांचे प्रत्येकी ८५. प्रीमियम प्रोसेसिंगचे १,९६५, म्हणजे महिन्याभरात निकाल. आणि त्याचे स्वतःचे ५००. एकूण ३,५७५ डॉलर. प्रीमियमचे पैसे कार्डावर घेतले, बाकीचे झेलवर. आपल्याकडच्या गुगल पेसारखं तिकडे झेल असतं, पैसे थेट समोरच्याच्या खात्यात.

हा हिशेब मी नंतर ओळीओळीने तपासला. प्रत्येक ओळीत खरा आकडा होता आणि प्रत्येक ओळ खोटी होती. ४७० डॉलर ही तेव्हा कागदी अर्जाची फी होतीच, ऑनलाइनची ४२०. पण नवरा-बायको दोघं एकाच प्रकारच्या व्हिसावर असले तर एकाच अर्जात बसतात. दुसऱ्याचं नाव पुरवणी फॉर्मवर जातं आणि फी एकदाच भरायची असते. ठशांची ८५ डॉलरची फी या अर्जासाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली आहे. आणि प्रीमियम! १,९६५ हा आकडा तेव्हा खात्याच्या तक्त्यात खरोखर होता, पण ती सोय आय-५३९ मध्ये विद्यार्थी किंवा एक्स्चेंज व्हिसावर बदलून घेणाऱ्यांना, आणि त्यांच्या कुटुंबाला. पर्यटकाची मुदत वाढवायला प्रीमियम नावाची वस्तूच नाही. कोणी तुमच्या आईवडिलांच्या मुदतवाढीसाठी प्रीमियमचे पैसे मागितले तर तिथूनच उठा, पुढचं बोलणं ऐकायचीसुद्धा गरज नाही.

सह्या घेताना त्याने फक्त शेवटचं पान पुढे केलं. भरलेल्या अर्जाची प्रत मागितली तर म्हणाला, अर्ज सिस्टिममध्ये आहे, निकाल आला की पूर्ण फाइल देतो. त्या अर्जात भरून देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही यासाठी वेगळा रकाना असतो. पैसे घेऊन अर्ज भरणाऱ्याने तिथे सही करायची असते. ही माणसं ती कधी करत नाहीत, म्हणून प्रत देत नाहीत. शिवाय तिकडे इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला द्यायची परवानगी फक्त वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला असते. पाटीवर सर्व्हिसेस लिहून कोणी वकील होत नाही, आणि वकील असला तर राज्याच्या यादीत त्याचं नाव सापडतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर पोच आली. आय-७९७सी, वर खात्याचं चिन्ह, यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि पावती क्रमांक: तीन अक्षरं, पुढे दहा आकडे. मी चष्मा लावून वाचली. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. खरी पोच टपालाने घरच्या पत्त्यावर येते, ऑनलाइन भरलं असेल तर तुमच्या स्वतःच्या खात्यात दिसते. आमच्या घरी काही आलं नाही. "टपाल माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवलंय, तुमच्या अपार्टमेंटमध्ये पत्रं हरवतात." तेही खरंच होतं, हरवतात. साइटवर पाहू का विचारलं तर, "बॅकलॉग आहे, नंबर दिसायला दोन-तीन महिने लागतात."

नोव्हेंबरची तारीख आली आणि गेली. त्याचा फोन आला, "काकू, आता निर्धास्त. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेल तर निकाल लागेपर्यंत थांबता येतं." पुन्हा खरं! नियम तसाच आहे. फक्त अर्ज केलेला असावा लागतो.

डिसेंबरात बाळ जरा सावरलं, जावयाला झोप मिळायला लागली, आणि एका रविवारी त्याने तो नंबर यूएससीआयएसच्या साइटवर टाकला. नंबर सापडला! आम्ही आनंदाने स्क्रीनकडे गेलो. खाली दोन ओळींचा मजकूर होता. जावयाने तो दोनदा वाचला आणि गप्प झाला. त्यात लिहिलं होतं की तुमचा आय-७६५ अर्ज मंजूर झाला आहे. आय-७६५ म्हणजे काम करण्याच्या परवान्याचा अर्ज. कोणातरी तिसऱ्याच माणसाचा, बहुधा त्याच्याच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, खरा नंबर उचलून त्याने आमच्या नावाच्या कागदावर छापला होता. नंबर अस्तित्वात आहे एवढंच पाहून समाधान मानणारे लोक असतील, तर त्यांच्याकडे या माणसाची लबाडी कायमची पचते. खालचं वाक्य वाचायचं, आणि त्यात फॉर्मचा क्रमांक कोणता आहे ते बघायचं. तिथे आय-५३९ च हवं.

त्याला फोन केला तर आधी टायपिंगची चूक, मग सॉफ्टवेअरची, मग "काकू, तुम्ही मला मुलासारखं मानता ना?" दोन दिवसांनी फोन बंद. वर जाऊन पाहिलं तर पाटीच्या जागी भिंतीवर चार भोकं.

मग खरा वकील गाठला. तासाचे पैसे घेतले, पण त्या तासात कळलं ते असं. आय-९४ ची तारीख उलटल्यापासून आमचं राहणं बेकायदा मोजलं जात होतं. १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. आम्ही त्याच्या खूप अलीकडे होतो. पण एक दिवस जरी जास्त राहिलं तरी हातातला व्हिसा रद्द होतो, मग स्टिकरवर २०३२ लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही. उशिरा अर्ज करून आमच्या ताब्याबाहेरची परिस्थिती होती असं मांडता येतं. तो उशीर माफ करणं न करणं खात्याच्या मर्जीवर. अर्ज करून, निकालाची वाट बघत, नाकारला तर अडकत राहायचं, की निघायचं? आम्ही निघालो. जानेवारीची तिकिटं, ऐनवेळची, महाग. वकिलाने बजावलं होतं, बोर्डिंग पास जपून ठेवा. अमेरिकेतून निघताना पासपोर्टावर शिक्का बसत नाही. नोंद विमान कंपनीच्या प्रवासी यादीवरून होते.

हा शिक्का नसण्याचा फायदा घेणारा दुसरा माणूस पुण्यात भेटला. नव्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात एक प्रश्न असतो, अमेरिकेत दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त कधी राहिला होता का? हे एजंटसाहेब म्हणाले, "नाही टाका हो. शिक्का कुठे आहे? त्यांना काय स्वप्न पडतंय?" आणि या सल्ल्याचे चौदा हजार. जादा राहिल्याने आमचे फक्त हातातले व्हिसे गेले होते. व्हिसा मिळवायला खोटं बोलल्याचं उघड झालं तर प्रवेश कायमचाच बंद होऊ शकतो, आणि ती नोंद त्यांच्या संगणकात आधीपासून बसलेली. एडिसनचा माणूस आमचे पैसे खाऊन पळाला, पुण्याचा आम्हाला नातवापासून जन्मभर तोडायला निघाला होता आणि त्याला त्याचं गांभीर्यही नव्हतं. मला विचाराल तर दुसरा जास्त वाईट.

डीएस-१६० भरायला पैसे पडत नाहीत, व्हिसाची फी १८५ डॉलर, आणि तारीख अधिकृत साइटवरून स्वतः घेता येते. भाचीने शेजारी बसून भरला. त्या प्रश्नापुढे "हो" लिहिलं, खालच्या चौकटीत काय घडलं ते थोडक्यात. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीला न्यायच्या फाइलमध्ये बनावट पावती, झेलचे व्यवहार, वकिलाचं पत्र, बोर्डिंग पास आणि एफटीसी या ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याकडे केलेल्या तक्रारीची प्रत आहे. मिळेल की नाही ते अधिकारी ठरवेल.

तुमचे आईवडील आत्ता तिकडे असतील आणि अर्ज दुसऱ्याने भरलेला असेल, तर नंबर आजच टाकून बघा, तारीख उलटण्याआधी. तोवर गडबड कळली तर नवा खरा अर्ज करता येतो आणि व्हिसा वाचू शकतो. आमचं नुकसान पोच आल्यापासून तारीख उलटेपर्यंतच्या त्या पाच-सहा आठवड्यांत झालं.

पैशांचं म्हणाल तर, कार्डावरच्या १,९६५ डॉलरसाठी जावयाने बँकेकडे वाद नोंदवला, बनावट पावती जोडली, आणि ते परत आले. झेलचे १,६१० बुडाले. स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे आहेत, असं बँक म्हणाली.