दहा-अकरा महिन्यांचा वापर : राऊटर वेगवान, फर्मवेअर बेभरवशाचे

हा ड्युअल बँड राऊटर वापरून दहा-अकरा महिने होत आले. वेग आणि रेंज यांबाबत तक्रारीला जागा नाही. खरेदीच्या वेळी सहसा कोणी ज्याची चौकशी करत नाही, त्या फर्मवेअरविषयी, म्हणजे राऊटरच्या आत चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरविषयी, मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

ॲडमिन पानावरील ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबले की कित्येक महिने ‘आपले फर्मवेअर अद्ययावत आहे’ एवढेच उत्तर येत असे. प्रत्यक्षात कंपनीच्या सपोर्ट पानावर याच मॉडेलची, याच हार्डवेअर व्हर्जनची नवी फाइल केव्हाच येऊन पडली होती. ती डाउनलोड करून स्वतःच अपलोड करावी लागली. सोबतच्या टिपेत ‘सुरक्षाविषयक सुधारणा’ असे दोनच शब्द होते. कोणती त्रुटी दूर केली, तिचा सीव्हीई क्रमांक (ज्ञात सुरक्षा त्रुटींना दिला जाणारा ओळख क्रमांक) काय, याचा पत्ता नाही.

ही निव्वळ गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. २०१४ मध्ये उघड झालेली ‘मिसफॉर्च्यून कुकी’ ही त्रुटी अनेक राऊटरमधील रॉमपेजर या छोट्या वेब सर्व्हरमध्ये होती. त्याच्या निर्मात्यांनी ती २००५ मध्येच दुरुस्त केली होती, तरीही सुमारे १ कोटी २० लाख उपकरणांत सदोष आवृत्ती चालूच होती, कारण मधल्या कंपन्यांनी दुरुस्ती पुढे पोहोचवलीच नाही.

डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन वायफायला जोडण्याच्या सोयीचा, अनुभव याहून खटकणारा आहे. त्याचा पिन आठ अंकी असला, तरी शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि पहिले चार अंक बरोबर की चूक हे राऊटर आधीच सांगून टाकतो. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत पिन सापडू शकतो, हे २०११ मध्येच दाखवून दिले गेले आहे. पिन मिळाला की वायफायचा पासवर्ड कितीही लांबलचक असला तरी तोही हाती लागतो. मी ही सोय बंद केली होती. नवे फर्मवेअर टाकल्यावर ती परत चालू झालेली आढळली! तेव्हा अपडेटनंतर सर्व सेटिंग पुन्हा तपासावीत.

श्रेय द्यायचे तर, हा राऊटर सुरुवातीलाच ॲडमिन पासवर्ड बदलायला लावतो आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून सेटिंग बदलण्याची सोय) मुळातच बंद ठेवतो. २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या जोरावरच लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती, हे पाहता ही सक्ती योग्यच आहे.

या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळतील, हे ना खोक्यावर छापले आहे, ना सपोर्ट पानावर. ती तारीख जाहीर होईपर्यंत माझ्याकडून पाचपैकी तीनच तारे.