सेफचे टेनंट: बरेच महिने प्रोडक्शनमध्ये वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. सेफ म्हणजे बऱ्याच सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून स्टोरेज देणारं सॉफ्टवेअर, आणि रॅडोस गेटवे म्हणजे त्यातला अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजसारखा दरवाजा. त्या गेटवेमधलं टेनंट (प्रत्येक क्लायंटच्या नावांचा वेगळा कप्पा) हे फीचर नावांची मारामारी मिटवतं आणि ते काम एकदम चोख करतं, पण त्यापलीकडे त्याच्याकडून काही धरून चालाल तर फसाल.

आमचं काम साधं आहे, पुण्यातून काही लहान क्लायंटना एस-थ्री स्टाइलचं स्टोरेज देतो, एक पॅथॉलॉजी लॅब, एक सीएंचं ऑफिस, एक क्लासवाले वगैरे, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना बकेटचं (फाइली ठेवायच्या मोठ्या फोल्डरचं म्हणा) नाव ‘बॅकअप’च पाहिजे असतं, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याने ते आत तसंच लिहून ठेवलेलं असतं आणि तो आता फोन उचलत नाही. टेनंट न वापरता गेटवे चालवला तर पहिल्याने ते नाव घेतलं की दुसऱ्याला मिळतच नाही. सेफच्या २०१६ च्या ज्वेल रिलीजमध्ये टेनंट आले आणि हा प्रश्न सुटला. सोसायटीत ए विंगला १०१ असतो आणि बी विंगलाही १०१ असतो, तसंच. बकेटचंच नाही, यूझरचंही नाव प्रत्येक टेनंटमध्ये तेच ठेवता येतं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे क्लायंटला यातलं काहीच कळत नाही. तो त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅक्सेस की आणि सीक्रेट की टाकतो, गेटवे अ‍ॅक्सेस की बघून यूझर शोधतो, यूझरवरून टेनंट कळतो आणि बकेट त्याच टेनंटमध्ये शोधली जाते. फाइली कॉपी करणारं आर-क्लोन असो की कुठलं बॅकअपचं सॉफ्टवेअर, सेटिंगमध्ये एक अक्षर बदलावं लागलं नाही.

आता कटकटी. पहिली म्हणजे चिन्हं. यूझरच्या नावात टेनंट आणि यूझरच्या मध्ये डॉलर लागतो, अ‍ॅडमिन टूलमध्ये बकेट लिहिताना स्लॅश लागतो, आणि यूआरएलमध्ये कोलन. एकाच गोष्टीला तीन जागी तीन चिन्हं, कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. त्यातला डॉलर सगळ्यात डेंजर. शेलमध्ये (कमांड टाइप करतो तिथे) नाव सिंगल कोट्समध्ये टाकलं नाही तर शेल डॉलरच्या पुढचं व्हेरिएबल समजून उडवतो, एरर येत नाही, आणि ‘लॅब’ टेनंटमधला यूझर बनायच्या ऐवजी बिनटेनंटचा ‘लॅब’ नावाचाच यूझर तयार होतो. टेनंट आणि यूआयडी (यूझरचं नाव) वेगवेगळ्या पॅरामीटरने देता येतात, तसंच द्या, सुखात राहाल.

दुसरं, टेनंट ही स्वतंत्र वस्तूच नाहीये. टेनंट बनवायची कमांड नाही, टेनंटची यादी दाखवणारी नाही, डिलीट करणारी पण नाही. पहिला यूझर बनवला की टेनंट आपोआप उगवतो. म्हणजे नावात एक स्पेलिंग चुकलं की नवा टेनंट झाला आणि कोणी विचारणार नाही. आम्ही शेवटी नावांची एक शीट ठेवली आणि यूझर फक्त स्क्रिप्टनेच बनवायचे असा नियम केला.

आणि खरा मुद्दा हा, जो बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. बकेट टेनंटची नसते, यूझरची असते. सीएंच्या ऑफिसात दोन जणांना वेगळे यूझर दिले, दोघं एकाच टेनंटमध्ये, तरी एकाची बकेट दुसऱ्याला दिसत नाही, पॉलिसी (कोणाला काय करता येईल याचे नियम) लावल्याशिवाय. त्यातला एक जण नोकरी सोडून गेला तर बकेट त्याच्याच नावावर राहते, मग बकेट लिंक करून दुसऱ्या यूझरकडे द्या, आणि आतल्या ऑब्जेक्टची (म्हणजे फाइलींची) मालकी बदलायला चाऊन नावाची कमांड चालवा, जे प्रत्येक ऑब्जेक्टला हात लावतं म्हणून मोठ्या बकेटला ते संपेपर्यंत चहा सोडा जेवण होतं. कोट्याचंही (जागेच्या मर्यादेचंही) तेच. कोटा यूझरला लावता येतो, बकेटला लावता येतो, अख्ख्या टेनंटला नाही. क्लायंट म्हणतो मला मिळून ५ टीबी द्या, आपण ती यूझरमध्ये वाटत बसायची आणि बिलासाठी एकेका यूझरचा वापर काढून बेरीज करायची. शिवाय प्रत्येक गेटवे कोट्याचे आकडे कॅशमध्ये ठेवतो त्यामुळे गेटवे एकाहून जास्त असतील तर लिमिटच्या थोडं वर जाऊन थांबतं, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवा.

टेनंट वेगळे केले म्हणून डेटा वेगळ्या डिस्कवर जातो असंही नाही. वेगळं काही केलं नसेल तर सगळ्यांचे ऑब्जेक्ट एकाच डेटा पूलमध्ये (सेफमधल्या साठ्याच्या एकाच भागात) पडतात. लॅबवाल्यांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांना खरंच वेगळं पाहिजे होतं म्हणून मग वेगळा पूल, त्याचं वेगळं प्लेसमेंट टार्गेट (डेटा कुठल्या पूलमध्ये जायचा ते सांगणारी सेटिंग), आणि त्यांच्या यूझरला तेच डीफॉल्ट. हे बकेट बनवायच्या आधी करायचं, कारण प्लेसमेंट बकेट बनताना ठरतं, नंतर बदलत नाही. तसंच एकाने रात्री बॅकअप सोडला की दुसऱ्याचं रिस्टोअर रांगायला लागतं, टेनंट इथे काही मदत करत नाही. त्याला सेफच्या क्विन्सी रिलीजपासून आलेलं रेट लिमिट (किती रिक्वेस्ट आणि डेटा चालेल याची मर्यादा) आहे, यूझरवर किंवा बकेटवर, पण ते मिनिटाला आणि प्रत्येक गेटवेला वेगळं मोजलं जातं, म्हणजे तीन गेटवे असतील तर पाहिजे त्या आकड्याला तीनने भागून टाकायचं.

दोन टेनंटमध्ये शेअरिंग होतं, फक्त जरा घाम काढतं. लॅबची बिलांची बकेट सीएंना वाचायला द्यायची होती. पॉलिसीतल्या एआरएनमध्ये (कोण आणि काय ते सांगणाऱ्या अ‍ॅमेझॉन पद्धतीच्या लांब नावात) जिथे ॲमेझॉनवर अकाउंटचा नंबर येतो तिथे इथे टेनंटचं नाव येतं, ते सोपं. पण बकेट उघडताना टेनंट, कोलन, बकेट असं लिहायला लागतं, आणि पायथनमधून एस-थ्री वापरायची लायब्ररी बोटो-थ्री कोलनवालं नाव बघून रिक्वेस्ट जायच्या आधीच नको म्हणतं, त्याची नाव तपासायची पायरी कोडमध्ये बंद करावी लागली. बकेटचं नाव होस्टनेममध्ये घालायची पद्धतही इथे चालत नाही, होस्टनेममध्ये कोलन येऊच शकत नाही, म्हणून पाथ स्टाइल, म्हणजे बकेटचं नाव पत्त्यात होस्टनेमनंतरच्या स्लॅशपुढे. क्लासवाल्यांच्या पब्लिक पीडीएफच्या लिंकमध्येही तो कोलन आलाच, कारण बिनलॉगिनच्या माणसाला टेनंटच नसतो. पालक विचारतात ही लिंक खरी आहे ना.

आता सेफच्या २०२४ च्या स्क्विड रिलीजमध्ये अकाउंट नावाचा प्रकार आलाय आणि वरच्या निम्म्या तक्रारी त्याने मिटतात. बकेट अकाउंटच्या मालकीची, कोटा अख्ख्या अकाउंटला, आणि अकाउंटचा रूट यूझर स्वतःच आपले यूझर बनवतो, आम्हाला फोन नको. अकाउंट टेनंटच्या आत पण बसवता येतं, म्हणजे नावं वेगळी ठेवायला टेनंट आणि मालकीला अकाउंट. नव्या क्लायंटला आम्ही थेट असंच देतोय. जुन्यांना हलवताना मात्र दमाने, कारण यूझर एकदा अकाउंटमध्ये टाकला की परत काढता येत नाही, आणि अकाउंटमधल्या साध्या यूझरला सुरुवातीला कसलीच परवानगी नसते, पॉलिसी जोडायला विसरलात तर रात्रीचा बॅकअप फेल होणार. सीएंचं ऑफिस आम्ही रिटर्नचा सीझन संपल्यावर घेणार आहोत, त्याआधी हात लावायची हिंमत नाही.