शिलाईच्या दुकानातली पुस्तकांची पेटी: ‘ग्रंथ तुमच्या दारी’चा अनुभव

पेटीबद्दल ऐकलं की बायका पहिला प्रश्न पैशांचा विचारतात, म्हणून ते आधी सांगते. वाचणाऱ्याला एक पैसाही द्यावा लागत नाही. शंभर पुस्तकांची पेटी येते, आपल्या ओळखीच्या वाचकांत फिरते, साधारण चार महिन्यांनी दुसऱ्या गटाकडे जाते आणि तिच्या जागी वेगळी पुस्तकं असलेली पेटी येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ही योजना विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केली. पुस्तकांचा खर्च देणग्यांतून निघतो. कुणी वाढदिवसाला पैसे देतं, कुणी घरातल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी. या पेट्या नाशिकरोडच्या कारागृहात पोचल्या, दुबईच्या मराठी घरांत पोचल्या. आमची पेटी नाशिकच्याच सातपूरला, माझ्या शिलाईच्या दुकानात आहे.

आमची वस्ती कंपनीत जाणाऱ्यांची. कायम नोकरीवाले थोडे, ठेकेदाराकडचे जास्त. पोरं शाळेतून सुटली की आईची दुसरी पाळी संपेपर्यंत कुठंतरी टेकतात, त्यातली बरीचशी माझ्याकडे. जवळच्या एका शाळेत पुस्तकांचं कपाट आहे, पण त्याला कुलूप असतं. माझ्या पेटीला कुलूप नाही. पुस्तक उचलायचं, वहीत नाव आणि तारीख लिहायची, घरी न्यायचं. पोरांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली असं मला वाटतं. पुस्तक देताना कुणी त्यांना ‘हात धुतलेस का, फाडशील का’ असं विचारलं नाही.

एक मुलगा आहे आठवीतला. वडील मालधक्क्यावर हमाली करतात. तो कुठलंही पुस्तक आधी उलटं धरून मागच्या पानावरची लेखकाची माहिती वाचतो. एकदा मी ब्लाउजला हुक लावत होते, तर हा मध्येच म्हणाला, “काकू, हे शाळेत शिपाई होते?” हातात कवी नारायण सुर्वे होते. मग मी काम बाजूला ठेवून त्याला सगळं सांगितलं. मुंबईत रस्त्यावर सापडलेलं तान्हं मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं घरी नेलं, स्वतःचं आडनाव दिलं. पुढे वडील कामावरून निवृत्त होऊन कोकणात गेले आणि हा पोरवयातच मुंबईत एकटा राहिला. घरगडी झाला, गिरणीत राबला, हमाली केली, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला. शिकत राहिला आणि पुढे शिक्षक झाला. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष तोच. मुलगा ऐकताना एक शब्द बोलला नाही. हमाली या शब्दाशी मात्र त्यानं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. ते पुस्तक परत द्यायला त्याचे वडील आले. म्हणाले, “अजून आठ दिवस ठेवलं तर चालेल का? माझं अर्धं राहिलंय.” मी वहीत त्यांचं वेगळं नाव घातलं.

म्हणून मी या पेटीला एवढा मान देते. मोठ्या माणसांची चरित्रं शाळेतही असतात, पण तिथं ती प्रश्नोत्तरांसाठी येतात. जन्म कधी, गाव कोणतं, दोन गुण. इथं तीच माणसं त्यांच्या स्वतःच्या शब्दांत हाताशी येतात आणि पोरं त्यांना आपल्या गल्लीतल्या माणसांशी ताडून बघतात. अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले आणि वाटेगावाहून चालत मुंबईला आले, हे कळल्यावर दोन भावंडांनी नकाशात वाटेगाव शोधलं. सांगली जिल्ह्यात सापडलं. मग मुंबईपर्यंत पायी किती दिवस लागतील यावर तासभर वाद.

बहिणाबाईंचं तर काय सांगू. सातपुरात खानदेशातली घरं खूप. एक मुलगी मोठ्यानं कविता वाचत होती आणि साडीला फॉल लावायला आलेल्या जळगावकडच्या आजी तिला सारख्या थांबवत होत्या. “असं नाही ग पोरी, असं म्हण.” आजींना अक्षरओळख नाही. बहिणाबाईंनाही नव्हती. ओव्या त्या घरात, शेतात कामं करता करता रचत, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव व आणखी एका नातलगानं लिहून ठेवल्या म्हणून राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा आजी म्हणाल्या, “माझ्या आईच्या ओव्या कुणी लिहिल्या असत्या!” आता ती मुलगी आजींच्या शेजारी वही घेऊन बसते. आजी आठवेल तशी सांगतात, ही लिहिते.

कुसुमाग्रजांचा फोटो पोरांनी २७ फेब्रुवारीला शाळेत हार घातलेला पाहिलेला असतो. विसाव्या वर्षी, १९३२ मध्ये, ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात दलितांच्या बाजूनं उतरले होते हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. पंचवटीतलं ते देऊळ सगळ्यांनी पाहिलंय. मी सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “म्हणजे आमच्या आजोबांना आत सोडत नव्हते?” त्यावर मला जे बोलता आलं ते मी बोलले, बाकीचं तिनं पुस्तकात शोधलं. ज्ञानपीठ मिळालेल्या माणसाच्या नावाची संस्था सातपूरच्या गल्लीत पुस्तकं पाठवते, हे मला फार योग्य वाटतं.

आता काय अपेक्षा ठेवू नये तेही सांगते. हवं ते पुस्तक नाव सांगून मागवायची ही सोय नाही, पेटीत येईल ते वाचायचं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी अभ्यासिकेतच जावं. पेटी सांभाळणाऱ्याला काम पडतं, वही रोज बघावी लागते, सैल झालेल्या पानांना डिंक लावावा लागतो, कुणाकडे पुस्तक अडकलं तर दोनदा घरी जाऊन यावं लागतं. ज्याला हे जमणार नाही त्यानं पेटी घेऊ नये, कारण कोपऱ्यात पडून राहिलेली पेटी म्हणजे दुसऱ्या गटाचे चार महिने वाया.

घ्यायची असेल तर आधी वाचणारी माणसं जमवा आणि त्यात शाळकरी मुलं भरपूर ठेवा. जागा अशी बघा की पोरांना कुणाची परवानगी न मागता तिथवर जाता येईल. घरापेक्षा दुकान, दवाखान्याची ओसरी, समाजमंदिर बरं. पावसाळ्यात पेटी जमिनीवर टेकवू नका, खाली दोन विटा घाला. आणि वहीत अभिप्रायासाठी एक रकाना आखा. आमच्याकडे त्यात बहुतेक जण एक-दोन शब्दच लिहितात, पण पुढचा वाचक पुस्तक उचलायच्या आधी तोच रकाना वाचतो.